तबकडीचें माप आणि जाझचा विस्तार

आमच्या महाविद्यालयांतील एका विद्यार्थ्यानें गेल्या सत्रांत कमासी वॉशिंग्टन या सॅक्सोफोनवादकाचा ‘दि एपिक’ हा २०१५ सालचा आल्बम आम्हांस ऐकावयास आणून दिला. तीन तबकड्या आणि जवळजवळ तीन तासांचें वादन! दोन ढोलवादक, तंतुवाद्यांचा ताफा, समूहगायन असा मोठा पसारा. दुसऱ्या दिवशीं त्यानें विचारलें, “सर, कसा वाटला?” आम्हीं प्रामाणिकपणें सांगितलें कीं, पहिल्या तबकडीनें आम्ही भारावलों, दुसरीच्या मध्यावर आमचें लक्ष खिडकीबाहेर गेलें, आणि तिसरीच्या वेळीं मनांत एक निराळाच प्रश्न घोळूं लागला. एवढें लांब वाजविण्याची मुभा जाझवादकाला कधीं आणि कशी मिळाली?

हा प्रश्न वाटतो तितका रिकामपणाचा नाहीं. जाझ ही बव्हंशीं जागच्या जागीं निर्माण होणारी कला. एक चाल घ्यावयाची, तिच्या स्वरसंगतींचा सांगाडा कायम ठेवावयाचा आणि दर आवर्तनीं त्यावर नवी इमारत उभारावयाची. ख्याल ऐकणाऱ्याला ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाहीं. अशी कला कागदावर पुरती उतरत नाहीं. तिचा इतिहास म्हणून आपल्या हातीं जें आहे, तें बहुतेक तबकडीनें राखलेलें आहे. आणि तबकडीनें तें आपल्या मापानें कापूनच राखलें आहे.

जें मुळींच राहिलें नाहीं त्याची गोष्ट आधीं. न्यू ऑर्लिन्स येथील बडी बोल्डन हा कृष्णवर्णीय कॉर्नेटवादक जाझच्या आद्य पुरुषांत गणला जातो. १९०७ सालीं त्याला वेड्यांच्या इस्पितळांत ठेवलें आणि १९३१ सालीं तेथेंच तो वारला. त्याच्या वादनाचा एकही मुद्रित स्वर आज उपलब्ध नाहीं. उलट जी तबकडी सामान्यतः पहिली जाझ तबकडी मानतात, ती २६ फेब्रुवारी १९१७ रोजीं न्यूयॉर्क येथें मुद्रित झाली, आणि ती वाजविणारे पांचही जण गोरे होते. विद्या एकाची आणि पहिली सही दुसऱ्याची, हा प्रकार कलांच्या इतिहासांत नवा नसला तरी येथें तो फार बोचतो.

त्या काळचें मुद्रण म्हणजे एक मोठा कर्णा, त्याच्या टोंकाशीं सुई आणि खालीं फिरणारें मेण. वादकांनीं कर्ण्यासमोर दाटीनें उभें राहावयाचें. मोठ्या ढोलाचा ठोका सुईस सोसत नसे. म्हणून ढोलवादकाला लांकडी ठोकळ्यांवर भागवावें लागे. १९२३ सालीं किंग ऑलिव्हर यांच्या ताफ्याचें मुद्रण इंडियाना प्रांतांतील रिचमंड गांवीं झालें, तेव्हां तरुण लुई आर्मस्ट्राँगचा आवाज इतरांस गिळूं लागला, म्हणून त्याला दूर कोपऱ्यांत उभें केलें, असें सांगतात. आपल्याकडेही गौहरजानचें गाणें १९०२ सालीं कलकत्त्यास याच कर्ण्यांत शिरलें होतें. पुढें दहा इंची तबकडी रूढ झाली. तिच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावत. रात्रभर रंगणाऱ्या मैफलीचे गवई त्या तीन मिनिटांत आलाप, बंदिश आणि ताना बसवीत, आणि आमच्या आजोबांची पिढी तेवढ्यावरच राग ओळखावयास शिकली.

या मापानें केवळ नुकसानच केलें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. १९२५ सालापासून विद्युत्-मुद्रण आलें, कर्णा गेला, आणि त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९२८ सालीं, आर्मस्ट्राँग यांनीं ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही तबकडी दिली. आरंभीं एकट्या ट्रंपेटची, कोणाची साथ नसलेली ललकारी आणि मग सुमारें तीन मिनिटांत सर्व कांहीं; त्यांत एक सूरही अधिक नाहीं. गायनावर तर मायक्रोफोनचे उपकार फारच मोठे. बेसी स्मिथ बाईंनीं सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोंचणारा आवाज कमावलेला होता. बिली हॉलिडे यांना त्याची गरज उरली नाहीं. कानाशीं बोलल्याप्रमाणें गाणें, ही रीत यंत्रानें शक्य केली.

परंतु ज्यांच्या मनांत मोठी रचना होती त्यांची कुचंबणा झाली. आईच्या मृत्यूनंतर ड्यूक एलिंग्टन यांनीं १९३५ सालीं एक दीर्घ रचना केली. ती दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर तोडून बसवावी लागली. एका शोकगीतासाठीं श्रोत्यानें तीन वेळां उठून तबकडी फिरवावी वा बदलावी, याहून मोठी विटंबना कोणती! ‘आल्बम’ हें नांवही त्याच काळचें आहे: अनेक तबकड्या ठेवण्यासाठीं छायाचित्रांच्या वहीसारखी पुठ्ठ्याची वही मिळे, तो आल्बम. वही गेली, नांव राहिलें.

यानंतर आली ती माणसांनीं घडविलेली शांतता. तबकड्या आणि रेडिओ यांमुळें प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांची रोजी बुडते, या तक्रारीवरून अमेरिकेंतील वादकांच्या संघानें १ ऑगस्ट १९४२ पासून मुद्रणावर बहिष्कार घातला. मोठ्या कंपन्यांपैकीं कांहींशीं तो १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालला. वादकांची तक्रार खोटी नव्हती. पण नेमक्या याच काळांत हार्लेममधील मिंटन्स या ठिकाणीं मध्यरात्रीनंतरच्या बैठकींत ‘बीबॉप’ नांवाची नवी रीत जन्मास येत होती. १९४३ सालीं चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे दोघेही अर्ल हाइन्स यांच्या ताफ्यांत होते. त्या ताफ्याची एकही तबकडी निघाली नाहीं. गायक संघाचे सभासद नसल्यामुळें त्यांच्यावर बहिष्कार नव्हता, आणि लोकप्रियतेचें पारडें तेव्हांपासून त्यांच्याकडे झुकलें. पार्कर यांची ‘को-को’ १९४५ च्या नोव्हेंबरांत मुद्रित झाली तेव्हां दूरच्या श्रोत्यांस ती आकाशांतून पडल्यासारखी वाटली असल्यास नवल नाहीं. मधल्या पायऱ्या त्यांच्या कानांवर पडल्याच नव्हत्या.

१९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें दीर्घवादी तबकडी काढली. एका बाजूस वीस-बावीस मिनिटें. जाझवादकाला प्रथमच पाय पसरावयास जागा झाली. ७ जुलै १९५६ रोजीं न्यूपोर्टच्या महोत्सवांत एलिंग्टन यांच्या ताफ्यांतील पॉल गोन्साल्विस यांनीं सॅक्सोफोनवर सलग सत्तावीस आवर्तनें घेतलीं आणि श्रोते उठून नाचूं लागले. (गोव्याकडील वाचक या नांवानें हरखतील, पण त्यांचे पूर्वज केप व्हर्डे बेटांवरील होते. पोर्तुगीजांनीं आडनांवें दोन्हीकडे सारखींच वाटलीं.) ते ज्या मायक्रोफोनसमोर उभे होते तो दुसऱ्या संस्थेच्या प्रक्षेपणाचा होता, म्हणून कोलंबियाच्या तबकडीवर त्यांचा आवाज क्षीण आला, १९९९ सालीं दोन्ही ध्वनिफिती जुळवून तो नीट ऐकूं आला. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची हकीकत तर आणखी मौजेची. २ मार्चच्या मुद्रणाचे वेळीं फितीचें यंत्र किंचित् मंद चाललें; परिणामीं पहिली बाजू मूळ स्वराहून थोडी चढी वाजे. १९९२ च्या आवृत्तींत ही चूक सुधारण्यांत आली. तोंवर तेहेतीस वर्षें जगानें ती चढीच बाजू ऐकली, आणि तिच्याशीं सूर जुळवून घरोघर वाजविणाऱ्यांनीं स्वतःच्याच वाद्याचे कान पिळले असतील.

आतां मापच उरलेलें नाहीं. जाळ्यावरून गाणें घरांत येतें, त्याला बाजू नाहीं, सुई नाहीं, शेवट नाहीं. अशा वेळीं मर्यादा वादकानेंच आणावयाची. ‘दि एपिक’मध्यें ती थोडी ढिली पडली असें आमचें मत, आमचा विद्यार्थी मात्र म्हणतो कीं, शंभर वर्षें कोंडलेला माणूस मोकळा झाल्यावर जरा अधिक बोलणारच. सेसिल मॅक्लोरिन साल्व्हंट या गायिकेचा २०१७ सालचा ‘ड्रीम्स अँड डॅगर्स’ हा दोन तबकड्यांचा आल्बम आम्हांस अधिक भावला. त्याचा बराच भाग न्यूयॉर्कमधील व्हिलेज व्हॅनगार्ड या लहानशा तळघरांत श्रोत्यांसमोर गाइलेला आहे. श्रोत्यांचें हंसूं, टाळी, मधला श्वास हे सर्व त्यांत आहे. आणि समोर माणसें बसलेलीं असलीं कीं कोठें थांबावें हें गाणाऱ्यास आपोआप कळतें.

त्याच वर्षीं एस्परान्झा स्पाल्डिंग या गायिकेनें (त्या स्वतः बास हें वाद्यही वाजवितात) निराळीच शपथ घेतली. शून्यापासून आरंभ करून, सलग सत्याहत्तर तासांत, सर्व जगाच्या देखत, ‘एक्स्पोझर’ नांवाचा आल्बम रचून मुद्रित करावयाचा. खोडणें, चुकणें, डुलकी घेणें, सर्व उघड्यावर. तसें त्यांनीं केलें, आणि प्रती काढल्या त्या फक्त ७,७७७. त्यांतील एकही अद्याप आमच्या हातीं आलेली नाहीं. विद्यार्थी शोधांत आहे.