व्हिस्की म्हणजे काय?

एकाच नांवाच्या दोन बाटल्यांच्या किंमतींत एवढें अंतर कां, हा प्रश्न केवळ शौकिनांचा नाहीं. तो एकदां न्यायासनापुढेंहि गेला. स्कॉटलंडांत पूर्वापार मोड आणलेल्या जवापासून तांब्याच्या भट्टींत, एकेका घाण्यानें, उग्र गंधाची व्हिस्की काढीत. १८३० सालीं ईनिअस कॉफी यानें अखंड चालणाऱ्या ऊर्ध्वपातनयंत्राचें पेटंट घेतलें आणि इतर धान्यांचें सौम्य मद्य स्वस्तांत विपुल निघूं लागलें. व्यापारी दोहोंचें मिश्रण विकूं लागले.

१९०५ सालीं लंडनच्या इस्लिंग्टन भागांतील दोन विक्रेत्यांवर खटला झाला. ग्राहकानें मागितलें एक व मिळालें दुसरेंच, असा आरोप होता. १९०६ मध्यें ते दोषी ठरले. अपिलांत मात्र न्यायासनावरील मतें समसमान पडलीं. अखेर १९०८ सालीं रॉयल कमिशन नेमलें गेलें. त्यानें १९०९ मध्यें दोन्ही प्रकारांस व्हिस्की हेंच नांव मान्य केलें. १९१५ च्या कायद्यानें मद्य मुरविणें सक्तीचें झालें. ती मुदत पुढें तीन वर्षें ठरली आणि आजहि तीच आहे.

नांव एक झालें, चव मात्र एक झाली नाहीं. म्हणून जाणकार किंमतीआधीं धान्य, भट्टी व मुरण्याचीं वर्षें विचारतो.