संगणक प्रमाणपत्र : कोणते, केव्हा आणि कशासाठी?

बारावीचे व पदवीचे निकाल लागले की अमरावतीच्या गाडगेनगरापासून अकोल्याच्या जठारपेठेपर्यंत संगणक प्रशिक्षण संस्थांचे फलक झळकू लागतात. जावा, पायथॉन, क्लाऊड, टेस्टिंग अशी नावे आणि त्यांच्या जोडीला 'नोकरीची हमी'. वऱ्हाडात निकालाचे दिवस आणि पेरणीचे दिवस एकच. बियाणे-खतासाठी राखून ठेवलेल्या रकमेतून शुल्काचा पहिला हप्ता भरणारी कुटुंबे कमी नाहीत. म्हणूनच कोणत्या कागदाला बाजारात किती मोल आहे, हे पैसे भरण्यापूर्वी समजून घेणे अगत्याचे ठरते.

'प्रमाणपत्र' या एकाच शब्दाखाली येथे तीन निराळ्या गोष्टी खपतात. प्रशिक्षण संस्थेने स्वतःच्या नावाने दिलेले प्रमाणपत्र ही पहिली. शासकीय किंवा निमशासकीय संस्थेचा अभ्यासक्रम ही दुसरी. सिस्को, मायक्रोसॉफ्ट, ओरॅकल, रेड हॅट, अॅमेझॉन यांसारख्या कंपन्यांनी स्वतंत्र परीक्षा घेऊन दिलेले प्रमाणपत्र ही तिसरी. संस्थेत सिस्कोचा अभ्यासक्रम शिकणे म्हणजे सिस्कोची परीक्षा उत्तीर्ण होणे नव्हे. शुल्कात परीक्षेचा खर्च धरलेला आहे काय, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. पुष्कळ ठिकाणी तो धरलेला नसतो.

एमएससीआयटीची मर्यादा

महाराष्ट्र शासनाच्या पुढाकाराने 2001 मध्ये एमकेसीएल स्थापन झाले आणि पुढील वर्षी एमएससीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय नोकरीसाठी तो उपयोगी आहे, कारण अनेक पदांना संगणक अर्हतेची अट असते. मात्र ती संगणक साक्षरता आहे, सॉफ्टवेअर व्यवसायाचे शिक्षण नव्हे. त्याहून पुढची शासकीय वाट नाईलिटची. 2011 पर्यंत डोएक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे ओ, ए, बी आणि सी असे चढत्या क्रमाचे स्तर आहेत. कला वा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ओ स्तरापासून पद्धतशीर प्रारंभ करता येतो. केंद्र शासनाच्या काही पदांसाठीही हे स्तर ग्राह्य धरले जातात.

प्रोग्रामिंगकडे जायचे असल्यास

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांत अभियांत्रिकीची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 चे, तर बडनेरा, शेगाव आणि अकोल्याजवळच्या बाभुळगाव येथील महाविद्यालये 1983 पासूनची. येथून संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्याने कंपनीच्या प्रमाणपत्रामागे धावण्यापूर्वी सी-डॅकच्या पदव्युत्तर संगणक अभ्यासक्रमाचा विचार करावा. सुमारे सहा महिने, 900 तासांचा हा अभ्यासक्रम असून प्रवेशासाठी सी-कॅट परीक्षा द्यावी लागते. तीत इंग्रजी, अंकगणित, तर्कक्षमता आणि संगणकशास्त्राची मूलतत्त्वे तपासली जातात. शुल्क लाखाच्या घरात जाते, शिवाय पुणे-मुंबईला राहण्याचा खर्च वेगळा. तरीही सर्व केंद्रांतील विद्यार्थ्यांसाठी एकत्रित नोकरभरतीची व्यवस्था असल्याने वऱ्हाडातील अनेकांनी हाच मार्ग धरला आहे.

जावाची परीक्षा एकेकाळी सन मायक्रोसिस्टिम्स घेत असे. 2010 मध्ये ओरॅकलने ती कंपनी विकत घेतली. या प्रमाणपत्रावर जावाच्या आवृत्तीचा आकडा असतो. जुन्या आवृत्तीची तयारी करून घेणारे वर्ग स्वस्त पडतात, पण मुलाखत घेणारा तो आकडा वाचतो. नवोदिताकडून प्रोग्रामिंगच्या कामासाठी प्रमाणपत्रापेक्षा स्वतः लिहिलेला, चालवून दाखवता येणारा प्रकल्पच अधिक मागितला जातो. बाजारातून आयता विकत घेतलेला अंतिम वर्षाचा प्रकल्प दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो, हे सांगण्याची खरे तर गरज नसावी.

नेटवर्क, सर्व्हर आणि क्लाऊड

या शाखेत मात्र कंपनीच्या प्रमाणपत्राला खरे वजन आहे. सिस्कोची सीसीएनए परीक्षा 2020 मध्ये नव्या स्वरूपात आली. शुल्क 300 डॉलर, म्हणजे करांसह 25 हजार रुपयांच्या पुढे. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्यायी प्रश्नच नसतात. संगणकासमोर बसून दिलेली कामे प्रत्यक्ष करून दाखवावी लागतात. त्यामुळे पाठांतर कामास येत नाही आणि नोकरी देणारेही त्यावर विश्वास ठेवतात. पदवी संगणकशास्त्राची नसलेल्या विद्यार्थ्यासाठी लिनक्स आणि नेटवर्क यांतून मिळणारा प्रवेश अधिक सुकर आहे.

येथे मुदतीचा हिशेब विसरू नये. सिस्को, रेड हॅट आणि अॅमेझॉनची प्रमाणपत्रे 3 वर्षे चालतात. मायक्रोसॉफ्टची कामाच्या भूमिकेनुसार दिली जाणारी प्रमाणपत्रे वर्षभरातच नूतनीकरणास येतात, पण ते ऑनलाइन व विनामूल्य होते. पदवीच्या पहिल्या वर्षी काढलेले सीसीएनए मुलाखतीच्या वेळी संपत आलेले असते. अशी परीक्षा शेवटच्या वर्षी किंवा त्यानंतरच द्यावी. 2000 च्या सुमारास गावोगावी ज्या एमसीएसईची लाट आली होती, ते मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2021 अखेर बंद केले. अनेक पालकांच्या स्मरणात अजून तेच नाव आहे.

टेस्टिंगमध्ये आयएसटीक्यूबीच्या पायाभूत प्रमाणपत्राला मुदत नाही. ते उपयुक्त आहे, पण केवळ त्याच्या बळावर नोकरी मिळेल असे समजू नये.

खिशाला परवडणारा आरंभ

आपल्याला हे क्षेत्र मानवते की नाही, हे पाहण्यासाठी हजारो रुपये खर्चण्याचे कारण नाही. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांचे एनपीटेल अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच 1000 रुपये भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. बारा आठवडे नियमाने स्वाध्याय पूर्ण केले तर पुढच्या खर्चाला आधार मिळतो. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला, तर तेही स्वस्तातच कळते. शिवाय अकोला वा अमरावती सोडावे लागत नाही. त्यानंतरच्या नोकरीसाठी सर्वांनी पुणेच गाठावे असेही नाही. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि एचसीएल यांची केंद्रे आहेत.

परीक्षेतील फुटलेले प्रश्नसंच विकणाऱ्यांपासून दूर राहावे. असे प्रश्न वापरल्याचे आढळल्यास कंपनी प्रमाणपत्र रद्द करते आणि पुढील परीक्षांनाही बंदी घालू शकते. नोकरीच्या हमीची अट लेखी मागावी. नोकरी न मिळाल्यास किती रक्कम, किती दिवसांत परत मिळणार, हे तीत असावे.

नोंदणी करताना आणखी एक काळजी घ्यावी. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, तर आधार किंवा पारपत्रावर पुष्कळदा नंतर असते. आंतरराष्ट्रीय परीक्षांत नोंदणीतील नाव छायाचित्र असलेल्या ओळखपत्राशी जुळले नाही तर उमेदवाराला परत पाठवले जाते आणि शुल्कही बुडते. त्यामुळे नाव ओळखपत्रावर जसे आहे तसेच लिहावे, आणि ओळखपत्रातच चूक असेल तर ती दुरुस्त करून मगच परीक्षेची तारीख घ्यावी.