एक माणूस, अनेक दप्तरे

बंगळुरातील मल्लेश्वरम् हा भाग ज्या देवस्थानामुळे ओळखला जातो, त्या काडू मल्लेश्वराच्या मंदिराशी निगडित असा १६६९ सालचा एक शिलालेख इतिहाससंशोधकांना परिचित आहे. देवाच्या पूजाअर्चेसाठी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद त्यात असून लेखाची भाषा कानडी आहे. दाता आहे एकोजी राजे भोसले, म्हणजेच शहाजीराजांचा पुत्र आणि शिवछत्रपतींचा सावत्र बंधू. हाच एकोजी विजापूरच्या दप्तरात आदिलशाही सरदार म्हणून वावरतो, १६७५ च्या सुमारास तंजावर हस्तगत करून एका राजवंशाचा संस्थापक होतो, आणि महाराष्ट्रातील बखरींत वडिलार्जित दौलतीच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी वाद घालणारा धाकटा भाऊ म्हणून भेटतो. माणूस एक, पण त्याची दप्तरे अनेक. आणि ह्या दप्तरांना एकमेकांचा पत्ता नाही.

मनुष्य ज्या निरनिराळ्या परिचयवर्तुळांत वावरतो, त्यांतील त्याच्या ओळखी एकत्र कोणी गुंफाव्या, आणि कोणाच्या इच्छेने, हा प्रश्न समाजमाध्यमांच्या काळात नव्याने विचारला जात आहे. परंतु तो नवा नाही. बदलीच्या निमित्ताने घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो विशेष जवळचा वाटावा असा आहे. म्हणून त्याचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहण्याचे योजिले आहे.

भोसले घराण्यापासूनच आरंभ करू. १६३८ च्या स्वारीनंतर बंगळूर विजापूरच्या अमलाखाली आले व शहाजीराजांकडे जहागीर म्हणून सोपविण्यात आले. त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये ह्या कवीने 'राधामाधवविलासचंपू' रचला. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी १९२२ साली तो विस्तृत प्रस्तावनेसह प्रकाशित केला, तेव्हा अनेक भाषांतील कवींनी गजबजलेला बंगळूरचा तो दरबार मराठी वाचकांना प्रथम नीट दिसला. पुढे घराण्याच्या शाखा पांगल्या. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले व लगोलग ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. अशा विखुरलेल्या घराण्याचा वृत्तान्त एकत्र आणण्याचे काम तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी केले. १८०३ साली त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. कावेरीच्या तीरी, तमिळ मुलखात, एका मराठी राजाने आपल्या घराण्याची सर्व दप्तरे एका भिंतीवर आणली. त्यात काय घ्यावे आणि काय वगळावे, हे त्यानेच ठरविले होते. इतिहासकाराला ही गोष्ट गैरसोयीची वाटेल. परंतु स्वतःची ओळख सांगणाऱ्याला तेवढा अधिकार असतो, हे विसरता येत नाही.

सामान्य कुटुंबांपाशी भिंत नव्हती. त्यांच्यासाठी तीर्थोपाध्यायांच्या नामावळी होत्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार अशा क्षेत्री यात्रेकरू गेला, की उपाध्याय दोनच गोष्टी विचारी: आडनाव कोणते आणि मूळ गाव कोणते. तेवढ्यावरून जुनी वही निघे. आजोबा-पणजोबांची नावे व कित्येकदा त्यांचे हस्ताक्षरही त्या पानावर सापडे. मग आलेला यजमान मधल्या काळातील जन्ममृत्यू सांगे आणि नोंदीखाली सही करी. एक भाऊ वऱ्हाडात, दुसरा बडोद्यास आणि तिसरा म्हैसूर संस्थानात, असे पांगलेले कुटुंब त्या एका पानावर पुन्हा एकत्र येई. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी जे कुलवृत्तान्त छापले, त्यांच्या संपादकांनाही ह्या वह्यांचा मोठा आधार झाला.

ह्या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्या दोन मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पहिली स्त्रियांविषयीची. विवाहाबरोबर आडनाव आणि पुष्कळदा नावही बदलल्यामुळे तिची माहेरची ओळख एका वहीत थांबे व सासरची दुसऱ्या वहीत सुरू होई. दोन्ही एकाच स्त्रीच्या आहेत हे सांगणारा दुवा बहुधा कोठेच नसे. दुसरी मर्यादा अर्थकारणाची. यजमानांची वही ही उपाध्यायाची वृत्ती होती. तिचे वारसांत वाटे पडत, ती गहाण पडे, तिच्यावरून तंटे होत. आपली ओळख दुसऱ्याची मिळकत होऊ शकते, हा अनुभव आपल्या समाजाला संगणक येण्यापूर्वीच आलेला होता.

व्यापाऱ्यांनी ह्याच प्रश्नाची निराळी सोडवणूक केली होती. शाहजोग हुंडीचे पैसे कोणाही आगंतुकास मिळत नसत. बाजारात पत असलेल्या शाहामार्फतच ती वटवावी लागे. हुंडी आणणारा माणूस दूरच्या पेढीला अनोळखी असला, तरी मधला शाह दोघांच्याही ओळखीचा असे. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ह्या माणसाचे कुळ, सोयरीक किंवा इतर देणीघेणी पेढीला कळण्याचे कारण नव्हते. एका कामापुरती ओळख एका वर्तुळातून दुसऱ्यात जाई आणि काम संपताच तेथेच थांबे.

आता आपल्या काळाकडे वळू. ऑर्कुट हे समाजमाध्यम भारतात एके काळी घरोघरी पोहोचले होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. आपली छायाचित्रे उतरवून घेण्याची सोय तेथे होती. परंतु जमविलेले परिचितांचे मंडळ जसेच्या तसे दुसऱ्या माध्यमावर नेता येत नव्हते. ज्याने त्याने आपली माणसे पुन्हा शोधली. दूरध्वनीच्या बाबतीत मात्र शासनाने लक्ष घातले. जानेवारी २०११ पासून कंपनी बदलली तरी क्रमांक कायम ठेवता येऊ लागला, आणि ३ जुलै २०१५ पासून ही सवलत देशभर लागू झाली. त्यापूर्वी महाराष्ट्रातून कर्नाटकात बदली झालेल्यास नव्या परिमंडळाची सेवा घ्यावयाची तर क्रमांक सोडावा लागे, आणि त्याबरोबर तो क्रमांक जवळ बाळगणारी माणसेही हळूहळू सुटत.

समाजमाध्यमांतील भिंती दूर करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २००० साली डॅन ब्रिकली व लिबी मिलर ह्यांनी 'मित्राचा मित्र' ह्या अर्थाच्या नावाची एक योजना मांडली. प्रत्येकाने आपली व आपल्या परिचितांची माहिती यंत्राला वाचता येईल अशा रीतीने स्वतःच्याच पानावर ठेवावी, अशी ती कल्पना होती. दोन ठिकाणचा माणूस एकच आहे हे ओळखण्यासाठी त्याचा ई-मेल पत्ता उपयोगी पडे. पण तो उघड होऊ नये म्हणून गणिती क्रियेने त्याचे सांकेतिक रूप करून तेवढेच प्रसिद्ध करण्याची सोय होती. शाहजोग हुंडीचेच तत्त्व येथे निराळ्या वेषात दिसते. जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या संस्थेने 'ॲक्टिव्हिटीपब' ही नियमावली मान्य केली. तिच्या आधाराने एका माध्यमावरील मनुष्य दुसऱ्या माध्यमावरील मनुष्याशी संपर्क ठेवू शकतो. मोठ्या कंपन्यांना मात्र आपली तटबंदी सोडण्याची घाई नव्हती. वृत्ती कोण सोडतो?

ह्याच काळात शासनानेही ओळखीचा एक धागा विणला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी पहिला आधार क्रमांक देण्यात आला. ज्यांच्यापाशी कोणताच कागद नव्हता अशांना त्याने कागद दिला, ही त्याची थोर बाजू होय. परंतु बँक, दूरध्वनी, शाळा, शिधापत्रिका अशी निरनिराळी दप्तरे ह्या एका क्रमांकाने सांधली जाऊ लागली, तेव्हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. तो न्यायालयात नेणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, म्हणजे ह्याच बंगळूरचे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधारचा कायदा बहुतांशी टिकला. पण बँकेचे खाते व दूरध्वनी त्या क्रमांकाशी जोडण्याची सक्ती रद्द झाली.

ह्या सर्व इतिहासातून एक भेद स्पष्ट होतो. नामावळीत नोंद करणारा यजमान स्वतः समोर बसून आपली माणसे सांगत होता. हुंडीवाल्याची ओळख कामापुरतीच पुढे जात होती. ह्याउलट, माणसाला न विचारता त्याची दप्तरे जेव्हा कोणी तिसराच जोडतो, तेव्हा तो त्या माणसावर सत्ता चालवीत असतो, मग ती राज्याची असो की व्यापाराची.

परमुलखात नोकरी करणाऱ्याला ह्याचा अर्थ सहज उमजेल. कचेरीत तो पदनामाने ओळखला जातो, महाराष्ट्र मंडळात गावाने, शेजारी कानडी कुटुंबात मुलांच्या नावाने आणि गावी वडिलांच्या नावाने. ह्यांतील कोणतीही ओळख खोटी नाही. आणि मंडळात बोललेले कचेरीत पोहोचू नये असे त्याला वाटले, तर तो काही लपवितो असेही नाही. मल्लेश्वरच्या देवापुढे एकोजी राजे दाता होते. तेथल्या पुजाऱ्याने त्यांना भावाशी असलेल्या वादाविषयी विचारण्याचे काही कारण नव्हते. आपली दप्तरे एकत्र बांधण्याची सोय आपल्याला हवीच आहे, कारण दर बदलीला माणसे हरवतात. फक्त त्या बांधणीची गाठ आपल्या हाताने मारलेली असावी, आणि सोडावीशी वाटली तर ती आपल्याच हाताने सुटावी, एवढी मागणी नागरिक ह्या नात्याने करणे गैर ठरणार नाही.