कुंटुन्सेची तबकडी

घानाची राजधानी अक्रा हिच्या वेशीबाहेर, कुंटुन्सेला, 32 मीटर व्यासाची एक तबकडी उभी आहे. 1981 मध्ये ती बसवली ती परदेशी फोनसाठी. इंटेलसॅटच्या उपग्रहांमार्फत घानाचा आवाज तिच्यावरून जगात जाई. आपल्याकडे नारायणगावाजवळ आर्वीचं विक्रम भूकेंद्र त्याआधी दहा वर्षं याच कामासाठी उभं राहिलं होतं. पुढे समुद्रतळातून फायबर केबल आल्या आणि आफ्रिकेतल्या अशा तबकड्या एकेक करून मुक्या झाल्या.

त्यांना पुन्हा कामाला लावण्याच्या कल्पनेचं मूळ मात्र दक्षिण आफ्रिकेत, हार्टबीस्टहुकला आहे. तिथली 26 मीटरची तबकडी नासाने 1961 मध्ये अवकाशयानांच्या संपर्कासाठी उभारली होती. नासाने गाशा गुंडाळला आणि 1975 पासून तिथे रेडिओ वेधशाळा सुरू झाली. दुसऱ्याने टाकलेली तबकडी ताऱ्यांकडे वळवता येते, हे तिथल्या लोकांनी स्वतः करून पाहिलं होतं. त्यांच्यातल्याच मायकेल गेलार्ड आणि सहकाऱ्यांनी 2011 च्या सुमारास आफ्रिकाभरच्या जुन्या तबकड्यांचं जाळं विणायची योजना मांडली. दूरदूरच्या दुर्बिणींनी एकाच वेळी एकच तारा पाहिला की त्यांची मिळून एक प्रचंड दुर्बीण होते. पण युरोपातल्या दुर्बिणी आणि हार्टबीस्टहुक यांच्यामध्ये हजारो किलोमीटर काहीच नव्हतं. घाना नेमका त्या रिकाम्या जागेत येतो.

कुंटुन्सेच्या तबकडीची दुर्बीण करण्याचं काम किचकट होतं. उपग्रह एका जागी असतो, तारे सरकतात. म्हणून फिरवण्याची आणि नियंत्रणाची यंत्रणा नव्याने करावी लागली. एक योग मात्र मला फार सुंदर वाटतो. ही तबकडी उपग्रहाकडे 6 गिगाहर्ट्झच्या आसपास बोलायची. नुकत्याच जन्मलेल्या मोठ्या ताऱ्यांभोवतीचं मिथेनॉल 6.7 गिगाहर्ट्झला बोलतं. जवळजवळ तीच पट्टी!

दक्षिण आफ्रिकेचे आणि घानाचे तंत्रज्ञ या कामावर एकत्र राबले. नवी कोरी दुर्बीण आयती मिळाली असती तर घानाच्या पोरांना ती फक्त चालवता आली असती. ही त्यांना उघडून दुरुस्त करता येते. माझ्या लेखी खरं खगोलशिक्षण ते हेच.

24 ऑगस्ट 2017 रोजी राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-अडो यांनी तिचं उद्घाटन केलं. त्याआधीच तिने मिथेनॉलचं ते बोलणं टिपलं होतं.