नावे अठ्ठेचाळीस, कृमी चार

पट्टकृमी म्हटला की आपल्याला पाठ्यपुस्तकातला टीनिया आठवतो. पण मासे, बदके, समुद्रकिनाऱ्यावरचे पक्षी यांच्या आतड्यांतही निरनिराळे पट्टकृमी राहतात. त्यांची ओळख पटवण्याच्या कामात मराठवाड्याचा वाटा मोठा आहे.

१९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तेथे डॉ. जी. बी. शिंदे यांनी कृमींच्या अभ्यासाची परंपरा रुजवली. १९६८ साली त्यांनी मरळ गटातल्या एका माशात सापडलेल्या पट्टकृमीसाठी सर्कमोंकोबोथ्रियम ही नवी प्रजातीच मांडली. नाव अवघड, अर्थ सोपा: शीर्षावर आकड्यांचे कडे आणि बाजूंना खाचा. पुढे विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी गोदावरीकाठ आणि मासळीबाजार धुंडाळले. बीड जिल्ह्यातल्या परळी-वैजनाथ येथील वाम माशातून १९९७ साली सेंगा प्रजातीतल्या एका नव्या जातीचे वर्णन झाले.

हे काम कसे चाले? माशाचे आतडे उघडून कृमी काढायचा, चार टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, हिमॅटॉक्सिलिनने रंगवायचा, अल्कोहोलने त्यातले पाणी काढून काचपट्टीवर बसवायचा आणि कॅमेरा ल्यूसिडाच्या साहाय्याने त्याचे चित्र काढायचे. मग शीर्षावरचे आकडे मोजायचे, एका खंडातली वृषणे मोजायची, अंडाशयाचा आकार पाहायचा. आधीच्या वर्णनांशी आकडे जुळले नाहीत, तर नवी जाती! महागड्या यंत्रांवाचून, साध्या सूक्ष्मदर्शकावर, जिल्ह्याच्या गावातही संशोधन करता येते हे या पद्धतीने दाखवून दिले. हे यश लहान नव्हे.

पण अडचणही तिथेच होती. मेलेल्या माशातला कृमी शिथिल किंवा कुजलेला असू शकतो. जिवंत कृमी थंड फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर आखडतो. काचेखाली दाबला तर पसरतो. वृषणांची संख्या तर एकाच कृमीच्या दोन खंडांतही वेगळी असते. मग दिसणारा फरक जातीचा, की तो टिपण्याच्या पद्धतीचा?

गंगेशिया या प्रजातीची कथा इथे बोलकी आहे. १९१३ साली साउथवेल यांनी बंगालमधल्या माशांतल्या एका कृमीला ऑफ्रिओकॉटिली प्रजातीत बसवले. ती प्रजाती मुळात किनाऱ्यावरच्या पक्ष्यांतल्या कृमींची! १९२४ साली वुडलँड यांनी गंगेशिया ही स्वतंत्र प्रजाती केली आणि साउथवेल यांचा कृमी पुढे तिच्यात गेला. त्यानंतर भारतीय उपखंडातून नव्या नावांची रीघ लागली. २०१२ साली अनिर्बन अ‍ॅश, टोमाश शोल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध मूळ नमुने तपासले, भारत, बांगलादेश, श्रीलंका व कंबोडियातून ताजे कृमी गोळा केले आणि त्यांचे डीएनए ताडून पाहिले. उपखंडातून नोंदलेल्या ४८ नावांपैकी खऱ्या जाती उरल्या चार. शिवडा माशातला सर्वांत नेहमीचा कृमी म्हणजे साउथवेल यांचाच गंगेशिया बेंगालेन्सिस. सर्वांत जुने वैध नाव टिकते, हा नामकरणाचा नियम आहे.

मग बाकीची मेहनत वाया गेली का? तसे म्हणता येणार नाही. कोणत्या माशात, कोणत्या गावी, केव्हा कृमी मिळाला, ही नोंद नाव बदलले तरी उपयोगी राहते. पण नमुना संग्रहालयात जपलेला असेल, तरच ती पुन्हा तपासता येते. नमुना हरवला की उरतो केवळ शब्द.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. एकाच कडुनिंबाची पन्नास पाने आणून प्रत्येकातल्या पर्णिका मोजाव्यात आणि आलेख काढावा. मग विद्यार्थ्यांना विचारावे: यातली दोनच पाने हाती आली असती, तर आपण झाडे किती म्हटली असती? वर्गीकरणशास्त्राचा सगळा पेच त्या एका प्रश्नात आहे.