सॅमी मिलर
जन्म बेलफास्ट, १९३३. मोटरसायकलचे रोड रेसिंग सोडून ते ट्रायल्सकडे वळले. या खेळात वेगाला किंमत नाही. खडक, चिखल, ओढ्यातून गाडी काढायची, पाय टेकला की दंडगुण, गाडी अडली तर थेट पाच. १९५९ ते १९६९ सलग अकरा वर्षे ब्रिटिश विजेतेपद त्यांच्याकडेच होते. पण केवळ पदके मोजून भागत नाही, यंत्राची बाजूही पाहायला हवी. पाचशे सीसीची एरियल मिलर यांनी स्वतःच घासूनपुसून हलकी केली होती. ती सोडून ते स्पेनच्या बुल्टाकोकडे गेले, २५० सीसीची टू-स्ट्रोक ‘शेर्पा’ घडवण्यात हात घातला आणि १९६५ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल तिच्यावरच जिंकली. जड ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांची सद्दी तिथून ओसरली.