हळर्णचा मार्केश

पेडण्यातल्या हळर्ण गावचा किल्ला तुम्ही पाहिलाय का? शापोरा नदीच्या काठावर आहे तो. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की हा सावंतवाडीच्या भोसल्यांचा किल्ला. पुढे कधीतरी एका पोर्तुगीज कवयित्रीचं नाव वाचनात आलं, मार्केझा द अलोर्ना. हे अलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण, हे कळलं तेव्हा मी चाटच पडलो. पेडण्याचं गाव लिस्बनच्या सरदारघराण्यात गेलं कसं?

ते नेलं दों पेद्रु मिगेल द आल्मेइदा या सेनापतीने. त्याचा जन्म १६८८ चा. तरुणपणी तो स्पेनच्या वारसायुद्धात लढला. १७१७ साली ब्राझीलमधल्या साओ पावलो आणि मिनास या सोन्याच्या मुलखाचा गव्हर्नर झाला. तिकडे तो वाटेत एका गावी येणार म्हणून कोळ्यांनी मेजवानीच्या माशांसाठी जाळी टाकली आणि जाळ्यात मासळीआधी मारियेची मूर्ती आली, अशी कथा ब्राझीलमध्ये आजही सांगतात. पण १७२० साली करांवरून व्हिला रिकात बंड झालं, तेव्हा याच माणसाने बंडखोरांची घरं जाळली आणि फिलिप दुश सांतुश या पुढाऱ्याला रीतसर खटला न चालवता ठार केलं.

हा माणूस १७४४ साली विजरई म्हणून गोव्यात आला. गोव्याची अवस्था तेव्हा वाईट होती. १७३९ साली वसई गेली होती, त्याच वर्षी मराठे साष्टीत आणि भोसले बारदेशात शिरले होते. पोर्तुगिजांचा दबदबा पार उतरला होता. तो परत बसवायचा म्हणून विजरईने भोसल्यांच्या मुलखावर चाल केली. ५ मे १७४६ रोजी हळर्णचा किल्ला घेतला. त्याच वर्षी डिचोली, साखळी आणि तेरेखोलही घेतलं. लिस्बनचा राजा खूश झाला. १७४८ मध्ये विजरईचा किताब बदलून तो ‘मार्केश द अलोर्ना’ झाला.

पण हा विजय टिकला नाही. जिंकलेलं बरंचसं पुढे भोसल्यांकडे परत गेलं. डिचोली, सत्तरी पोर्तुगिजांकडे कायमची आली ती १७८० च्या दशकात, आणि पेडणे १७८८ साली, तेही लढून नव्हे. कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी होती म्हणून खेम सावंतांनी ते तहाने दिलं.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीत देवळं पाडली गेली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर तेव्हा नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ बांधलं. नवी काबिजाद आली तेव्हा मात्र लोकांचा धर्म आणि चालीरीती पाळण्याचं वचन सरकारला द्यावं लागलं. पेडणे-डिचोलीची देवळं, जत्रा आणि आपली मराठी टिकली याचं एक कारण हे वचन आहे.

आणि त्या घराण्याचं काय झालं? मार्केश १७५६ साली वारला. त्याची सून ही त्याच्यानंतर गोव्याचा विजरई झालेल्या ताव्होराची मुलगी. राजावर झालेल्या हल्ल्याच्या आरोपावरून ताव्होरा पतिपत्नींना १३ जानेवारी १७५९ रोजी ठार करण्यात आलं. मार्केशच्या मुलाला तुरुंगात टाकलं. आठ वर्षांची नात लिओनोर आई-बहिणीबरोबर शेलाशच्या मठात डांबली गेली, ती १७७७ पर्यंत. तिथे वाचत, लिहीत ती मोठी झाली. हीच ती कवयित्री. तिचा भाऊ, तिसरा मार्केश, नेपोलियनच्या फौजेतला सेनापती झाला, स्वदेशात देशद्रोही ठरला आणि रशियाच्या स्वारीनंतर १८१३ च्या जानेवारीत कनिग्सबर्गला वारला.

आजोबाने गाव जिंकलं आणि नाव नेलं. ते नाव पोर्तुगालमध्ये आज ओळखलं जातं ते मुख्यतः त्या कैदेत वाढलेल्या नातीमुळे. आणि हळर्णात? हळर्ण हळर्णच राहिलं. कधी पेडण्याला गेलात तर वाट वाकडी करून तो किल्ला अवश्य पाहा.